डिस्क रोज तपासणी मागते तेव्हा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत आणि निरोपांत एक तक्रार सारखी येते आहे. संगणक सुरू केला की विंडोज उघडण्याआधीच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात. अमुक ड्राइव्हची तपासणी करणे गरजेचे आहे, तपासणी नको असेल तर काही सेकंदांत कोणतेही बटण दाबा, असा त्या इंग्रजी मजकुराचा अर्थ. विंडोज १० आणि ११ मध्ये मजकूर थोडा वेगळा असतो. 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असे येते आणि पुढे टक्के सरकत राहतात. घरात जो घाईत असतो तो बटण दाबून मोकळा होतो. मुलाला ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, अब्बांना बिल भरायचे असते, तपासणीला कोण थांबणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा व्हायरस आहे का, असे बहुतेकांनी विचारले आहे. नाही. हा विंडोजचाच जुना, प्रामाणिक कार्यक्रम आहे. त्याचे नाव चेकडिस्क. डॉसच्या काळापासून, म्हणजे १९८१ पासून तो या ना त्या रूपात संगणकात आहे. मात्र खऱ्या इशाऱ्याची आणि खोट्याची एक ओळख ध्यानात ठेवावी. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. इंटरनेट पाहत असताना मोठ्या आवाजात खिडकी उघडली, 'तुमची डिस्क खराब झाली आहे, या नंबरवर फोन करा' असे ती सांगू लागली, तर तो ठगांचा धंदा आहे. तो नंबर लावू नये आणि कोणी सांगितले म्हणून आपल्या संगणकात दुसऱ्याला फोनवरून शिरू देऊ नये. बाकी हा लेख खऱ्या इशाऱ्याविषयी आहे.

आधी तो येतो कशामुळे, ते पाहू. आम्ही शिक्षक, त्यामुळे उदाहरण शाळेचेच सुचते. ग्रंथालयात दोन गोष्टी असतात. कपाटातली पुस्तके आणि कोणते पुस्तक कोणत्या कप्प्यात आहे याची नोंदवही. डिस्कवरही तसेच असते. आपला फोटो, पत्र, हिशेब ही पुस्तके, आणि ती कुठे ठेवली आहेत हे सांगणारी एक मोठी नोंदवही. नोंद अर्धी लिहिली असताना वीज गेली तर कपाट आणि वही यांचा मेळ बसत नाही. विंडोज ज्या पद्धतीने डिस्क मांडते तिला एनटीएफएस म्हणतात. ती हुशार आहे. मोठ्या वहीत लिहिण्याआधी काय करणार आहे ते एका कच्च्या वहीत टिपून ठेवते, म्हणून एकदा-दोनदा वीज गेली तरी ती बहुधा स्वतःच मेळ बसवून घेते आणि आपल्याला कळतही नाही. पेनड्राइव्हवर जी पद्धत असते, फॅट ३२ किंवा एक्सफॅट, तिच्यात अशी कच्ची वही नसते. त्यामुळे पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपटली की तिच्यात गोंधळ लवकर होतो.

आता एनटीएफएसला मेळ बसवता आला नाही, किंवा वाचताना काही विसंगत सापडले, तर ती त्या ड्राइव्हवर एक खूण करून ठेवते. तिला 'डर्टी बिट' म्हणतात. संगणक सुरू होताना विंडोज प्रत्येक ड्राइव्हवरची ही खूण पाहते आणि असली की तपासणी मागते. तपासणी पूर्ण झाली, दुरुस्ती झाली, की खूण पुसली जाते. बटण दाबून तपासणी टाळली तर खूण तशीच राहते. म्हणजे 'रोज येते' या तक्रारीतला निम्मा भाग तिथेच सुटतो. आपण रोज टाळतो म्हणून ती रोज येते.

तेव्हा पहिला उपाय हा की एकदा तिला आपले काम करू द्यावे. पण थांबा! त्याआधी एक काम आहे, आणि या लेखातले एवढे एकच लक्षात राहिले तरी आम्हाला पुरे.

आधी आपली वस्तू दुसरीकडे ठेवा, मग दुरुस्ती करा. चेकडिस्कला आपल्या फोटोंची काळजी नसते, त्याला नोंदवहीची काळजी असते. एखाद्या तुकड्याचा मालक त्याला सापडला नाही तर तो तुकडा 'फाउंड' नावाच्या, शेवटी तीन शून्ये असलेल्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतो आणि त्याला भलतेच नाव देतो. वही स्वच्छ होते, पण आपला फोटो कुठे गेला ते आपल्याला समजत नाही. आणि डिस्कच आजारी असेल तर तासन्‌तास चालणाऱ्या तपासणीत ती अधिक थकते. थकलेल्या डिस्कचा शेवट त्या तपासणीतच होऊ शकतो.

'दुसरीकडे' म्हणजे कुठे, याबद्दल मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे दुकानदार संगणक जोडून देताना सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह करून देतात आणि सांगतात की विंडोज सी मध्ये आहे, तुमचे सामान डी मध्ये ठेवा, ते सुरक्षित राहील. विंडोज पुन्हा टाकावी लागली तर हे खरे आहे. पण डिस्क बिघडली तर खरे नाही. बहुतेक घरांत सी, डी आणि ई हे एकाच पेटीचे तीन कप्पे असतात. पेटी पाण्यात पडली तर तिन्ही कप्पे भिजतात. म्हणून प्रत वेगळ्या वस्तूवर हवी. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क सर्वांत बरी. ती नसेल तर नातेवाइकाचा लॅपटॉप, तात्पुरता पेनड्राइव्ह, नाहीतर गूगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबीची मोफत जागा. जे परत मिळू शकते ते शेवटी घ्यावे. चित्रपट, गाणी, विंडोज, प्रोग्राम सोडून द्या. फोटो, स्कॅन केलेले दाखले, मुलांचे प्रकल्प, हिशेब, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांकडे असणाऱ्या इनपेजच्या फाइली, हे आधी. इनपेजच्या फाइली दुसऱ्या संगणकावर इनपेज नसेल तर उघडतही नाहीत, म्हणून महत्त्वाच्या उर्दू मजकुराची पीडीएफही करून ठेवावी.

हे एवढे तपशिलात सांगण्याचे कारण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र. यजमान आखातात, घरी सासूबाई आणि दोन मुले. ही भगिनी घरबसल्या उर्दू आणि मराठी लग्नपत्रिका तयार करून देते. पाच वर्षांचे काम, गिऱ्हाइकांचे नमुने, सगळे एका जुन्या संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये. त्याच ड्राइव्हमध्ये तिच्या मरहूम वडिलांचे आवाज होते. शेवटच्या आजारपणात ते नातवंडांना कोकणी बोलीतल्या गोष्टी सांगत आणि ही मोबाइलवर टिपून संगणकात ठेवत असे. तपासणीचा इशारा तीन महिने येत होता, सासूबाई चहा ठेवत आणि ही बटण दाबत असे. एक दिवस पत्रिकांचा फोल्डर उघडायला पाच मिनिटे लागली. दुकानात दाखवले तर उत्तर मिळाले, "ताई, फॉरमॅट मारावे लागेल, डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही." तिने संगणक उचलला, घरी आणला आणि आम्हाला लिहिले.

आम्ही तिला फोन केला. पहिला प्रश्न विचारला, डिस्कमधून टकटक असा आवाज येतो का? नाही म्हणाली. आला असता तर आम्ही तिला तिथेच थांबवले असते. हार्ड डिस्कच्या आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून वाचणारा काटा फिरतो. टकटक किंवा खरखर म्हणजे तो काटा आपली जागा शोधतो आहे आणि सापडत नाही. अशा डिस्कवर कोणतीही तपासणी चालवू नये, ती पुन्हा पुन्हा सुरूही करू नये. आतले सामान अनमोल असेल तर डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्यासारखे इलाज लोक सांगतात, ते कानामागे टाकावेत.

आवाज नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी तिने भावाकडून बाहेरची डिस्क मागवली आणि कॉपी सुरू केली. आम्ही क्रम सांगितला होता, आधी वडिलांचे आवाज, मग पत्रिका. जी फाइल अडकेल ती 'स्किप' करून पुढे जायचे, एका फाइलपायी डिस्कला तासभर झगडायला लावायचे नाही. आवाज सगळे आले. पत्रिकांपैकी एका वर्षाचा फोल्डर आला नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करूनही नाही. तिने काही गिऱ्हाइकांकडून छापील पत्रिका मागवून ते नमुने पुन्हा तयार केले. तीन महिने आधी कॉपी केली असती तर तो फोल्डरही आला असता, असे ती स्वतःच म्हणाली.

प्रत घेऊन झाली की मग निदान. इशाऱ्यात कोणत्या ड्राइव्हचे अक्षर आहे ते कागदावर लिहून घ्या. मग त्या तपासणीला पूर्ण चालू द्या. साधी तपासणी काही मिनिटांत होते, खोल तपासणीला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात आणि टक्के एकाच आकड्यावर अर्धा-पाऊण तास बसलेले दिसतात. घाबरून बटणाने संगणक बंद करू नका. रात्री लावून झोपावे हे चांगले, पण वीज जाणार नाही किंवा यूपीएस धड आहे याची खात्री असेल तरच.

तपासणी झाल्यावर ती काय म्हणाली हे वाचायला मिळत नाही, कारण लगेच विंडोज उघडते. अहवाल मात्र जपून ठेवलेला असतो. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, त्यात 'विंडोज लॉग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन'. तिथे 'सोर्स'च्या रकान्यात 'विनइनिट' नावाची नोंद मिळेल. उघडली की पूर्ण अहवाल दिसतो. आकड्यांनी डोळे दिपतील, पण एकच ओळ शोधायची आहे, जिच्या शेवटी 'बॅड सेक्टर्स' असे शब्द आहेत. त्याआधी ० असेल तर बरे. ० नसेल तर तो आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि आठवड्याने खोल तपासणी पुन्हा करून पाहा. आकडा स्थिर असेल तर डिस्क काही काळ चालेल. वाढत असेल तर ती निघाली आहे. नवी घ्या.

तपासणी स्वतःहून लावायची असेल तर 'धिस पीसी' उघडून ड्राइव्हवर उजवे क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. एवढे घरातल्या कोणालाही जमते. थोडे धाडस असेल तर स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरे टाका, आलेल्या काळ्या खिडकीला 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि चेकडिस्कचे इंग्रजी आखूड नाव लिहा, सी, एच, के, डी, एस, के. मग जागा सोडून ड्राइव्हचे अक्षर आणि विसर्ग, पुन्हा जागा, तिरपी रेघ आणि एफ. एफ म्हणजे नोंदवही दुरुस्त कर. एफच्या जागी आर लिहिले तर एकेक सेक्टर वाचून खराब जागाही शोध, असा हुकूम होतो. वर ज्याला खोल तपासणी म्हटले ती हीच. आर मोठे औषध आहे, प्रत घेतल्याशिवाय देऊ नये. सी ड्राइव्हसाठी लिहिले तर 'ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का' असे विचारले जाते, त्याला वाय म्हणावे.

खूण पुसली गेली का, हेही त्याच खिडकीत विचारता येते. एफ, एस, यू, टी, आय, एल असे लिहून पुढे डर्टी, मग क्वेरी, मग ड्राइव्हचे अक्षर आणि विसर्ग. उत्तर 'डर्टी' किंवा 'नॉट डर्टी' असे एका ओळीत येते.

समजा तपासणी झाली, खराब जागा शून्य, खूण पुसली गेली, आणि चार दिवसांनी इशारा पुन्हा आला. आता कारण शोधायला हवे, आणि आमच्या अनुभवात कारण बहुतेक वेळा डिस्कच्या बाहेर असते. घरात संगणक कसा बंद होतो ते एक आठवडा पाहा. लहान मुले पडद्यावर 'शटिंग डाउन' फिरत असतानाच भिंतीवरचे बटण बंद करतात, कारण अम्मीने ओरडून सांगितलेले असते की वीज जळते! लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल आणि तो थेट चार्जरवर चालत असेल तर वायर हलली की वीज गेल्यासारखेच होते. आणि यूपीएस. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, पण दिवा लागतो म्हणून आपण ती जिवंत समजतो. ती तपासण्याची एक निर्धोक रीत आहे. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर न्या. बहुतेक संगणकांत त्यासाठी सुरुवातीला एफ २ किंवा डिलीट दाबतात. तिथेच थांबून भिंतीवरचे बटण बंद करा. त्या पडद्यावर विंडोज चालू नसते, म्हणून वीज गेली तरी फाइलींना धक्का लागत नाही. संगणक पाच मिनिटेही तगला नाही तर यूपीएसची बॅटरी बदला, डिस्क नको.

टेबलावरच्या मोठ्या संगणकात आणखी एक स्वस्त कारण असते, डिस्कची वायर. साटा वायर नावाची ही चपटी, बहुधा लाल रंगाची केबल सैल झाली तर डिस्कला पाठवलेला मजकूर वाटेतच बिघडतो आणि दोष मात्र डिस्कला येतो. संगणक बंद करून, प्लग काढून, आधी धातूच्या डब्याला हात लावून बाजूचा पत्रा उघडा आणि वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक यंत्र दर सोमवारी तपासणी मागे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने डिस्क बदलण्याचा खर्च लिहून दिला होता. आठवी-नववीच्या मुलांनी वायर बदलली, तेव्हापासून ते गप्प आहे.

वायर की डिस्क, हे ओळखायला डिस्कचा स्वतःचा आरोग्यपत्रक उपयोगी पडतो. त्याला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम तो सोप्या रीतीने दाखवतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. फक्त रंगावर जाऊ नका, तीन-चार ओळी वाचा. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे डिस्कने खराब म्हणून सोडून दिलेल्या आणि राखीव जागेतून भरून काढलेल्या जागा. 'करंट पेंडिंग' म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून सोडलेल्या नाहीत अशा जागा. हे आकडे शून्याहून जास्त आणि वाढते असतील तर डिस्क आजारी. 'सीआरसी एरर' हा आकडा वाढत असेल तर मात्र संशय वायरवर घ्यावा. आणि सुरू होतानाच, विंडोजच्याही आधी, 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' असे आले तर तो चेकडिस्कचा इशारा नव्हेच. तो थेट डिस्कचा निरोप आहे. त्यावर तपासणीचा उपाय नाही.

जुन्या संगणकांवर काही शाळा आणि घरांनी उबुंटू किंवा दुसरे लिनक्स टाकले आहे. तिथेही असा इशारा येतो आणि त्याचे एक गमतीदार कारण असते. मदरबोर्डवरची बटणासारखी गोल बॅटरी, सीआर २०३२, संपली की संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग लिनक्सला वाटते की ही डिस्क शेवटची वापरली ती भविष्यात, आणि ते तपासणी मागते. घड्याळाच्या दुकानात मिळणारी बॅटरी बसवली की प्रश्न मिटतो.

काही दुकानदार सांगतात, "इशारा बंद करून देतो." तेही शक्य आहे. एका ड्राइव्हला सुरुवातीच्या तपासणीतून वगळण्याचा हुकूम विंडोजमध्येच आहे. पण खूण तशीच राहते, बिघाड तसाच राहतो, फक्त सांगणारा गप्प बसतो. प्रत घेतलेली नसेल तर हा सौदा करू नका. डिस्क निरोगी असून खूणच पुसली जात नसेल तर त्याहून स्वच्छ उपाय आहे. प्रत घेऊन तो ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करावा, 'क्विक'ची खूण काढून, आणि सामान परत भरावे. सी ड्राइव्ह असेल तर विंडोज नव्याने टाकावी लागते.

नवी डिस्क घेणार असाल तर आता जुन्या संगणकातही एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काही नसते आणि जुना संगणकही तिच्यामुळे चपळ होतो. पण एसएसडी म्हणजे अमर नव्हे. हार्ड डिस्क निदान कण्हते, एसएसडी पुष्कळदा काही न सांगता बंद पडते. म्हणून प्रतीची गरज तिच्यासोबतही तेवढीच.

आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. 'ही खराबच आहे ना, राहू द्या' असे म्हणून घराघरांतून डिस्क मागे राहतात. त्यात घरातल्या लेकीसुनांचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, बँकेची कागदे असतात. डिलीट केलेले, क्विक फॉरमॅट केलेलेही साध्या प्रोग्रामने परत काढता येते. बिघडलेली डिस्क विंडोजला दिसत नसली तरी आतले सामान जिथल्या तिथे असते. तेव्हा दुरुस्तीला देताना शक्य असेल तर घरातले कोणी समोर बसावे, डिस्क बदलली तर जुनी मागून घ्यावी. चालत असेल तर पूर्ण फॉरमॅट करून मगच कोणाला द्यावी. चालत नसेल तर पत्रा उघडून आतल्या तबकडीला ड्रिलने दोन-तीन भोके पाडावीत. लॅपटॉपच्या लहान डिस्कमध्ये तबकडी पुष्कळदा काचेची असते आणि फुटून उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालूनच हे करावे, मुलांना दूर ठेवावे.